पाणी उतरल्याशिवाय मशीन चढवू नका

प्रश्न पारोळ्याच्या एका व्यापारीभाऊंचा आहे. थोडक्यात असा: कापूस आणि मका ठेवायला 40 बाय 100 फुटांचं गोडाऊन बांधतोय, पत्र्याचं छत झालंय, आता खाली काँक्रीटचा कोबा करायचा आहे. जुन्या गोडाऊनचा कोबा गवंड्याने हातानेच घोटला होता. तो आज कितीही झाडला तरी उद्या पुन्हा पांढरी भुकटी सोडतो. ठेकेदार म्हणतो, या वेळी पॉवर ट्रॉवेल, म्हणजे घोटाईचं फिरत्या पात्यांचं मशीन, लावू, काचेसारखी जमीन होईल. मशीनने खरंच एवढा फरक पडतो का? ते कधी आणि किती वेळा फिरवायचं? आणि भाड्याने आणायचं की विकतच घ्यायचं?

मी बावीस वर्षं जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत हेच काम करतोय. जिनिंग, डाळमिल, केळीची पॅकहाऊस, धान्याची गोडाऊनं सगळं केलंय. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मशीनने फरक पडतो, नक्की पडतो. पण ते चुकीच्या वेळी फिरवलं तर हाताने घोटलेल्या कोब्यापेक्षा वाईट कोबा होतो. हाताने घोटणारा गवंडी दमतो, थांबतो. मशीन दमत नाही. ओल्या काँक्रीटवर चढवलं तर ते सगळं पाणी आत कोंडून वर झकास चकाकी आणून देतं. मालक खूश, ठेकेदार खूश, आणि वर्षभरात तीच चकाकी झाडूबरोबर निघून जाते.

आधी तुमच्या जुन्या कोब्याचं काय झालं असेल ते सांगतो. काँक्रीट ओतलं की खडी आणि वाळू जड असल्यामुळे खाली बसत जाते आणि पाणी वर येतं. अर्ध्या-पाऊण तासात सगळ्या पृष्ठभागावर आरशासारखी ओल दिसते. मिस्त्री म्हणतात, पाणी सुटलं. हे पाणी उडून जायच्या आत थापी फिरवली तर ते वरच्या तीन-चार मिलिमीटरच्या थरात पुन्हा कालवलं जातं. खाली एम-25 चं, म्हणजे चांगल्या ताकदीचं काँक्रीट आणि वर पाण्याने पातळ झालेला कमजोर लेप. त्यात आपल्याकडे एक जुनी सवय आहे: पाणी लवकर सुकावं म्हणून वर कोरडं सिमेंट भुरभुरायचं आणि घोटून टाकायचं. त्या दिवशी काम सुरेख दिसतं. पण त्या सिमेंटची वेगळी पापडी बनते, खालच्या काँक्रीटशी ती नीट एकजीव होत नाही, आणि हातगाडीची चाकं फिरायला लागली की तिची भुकटी होते. तुमच्याकडे बहुधा या दोन्ही गोष्टी झाल्या असाव्यात. गोडाऊनला रोज घासला जातो तो हाच वरचा थर. कापूस ठेवणार असाल तर त्याला आणखी महत्त्व आहे. कापसातला कचरा कमी व्हावा म्हणून केंद्राने 2000 साली कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू केलं आणि जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला मदत दिली. आपल्या भागातल्या बऱ्याच जिनिंगची आवारं त्यानंतर पक्की झाली. ज्या जमिनीतून सिमेंटची धूळ उठते, तिच्यावर कापसाचा ढीग लावून काय उपयोग?

मशीनबद्दल बोलायच्या आधी जमिनीबद्दल दोन वाक्यं, कारण इथे चुकलात तर पुढचं सगळं वाया. पारोळा, अमळनेर, चोपडा, सगळीकडे काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. काळी माती काढून मुरूम भरा, तोही एकदम न ओतता सहा-सहा इंचांचे थर करून, पाणी मारून, रोलर फिरवून. त्यावर सोलिंग (दगडांचा थर), पीसीसी (साध्या काँक्रीटचा थर) आणि प्लास्टिकचा कागद. पावसाचं पाणी जोत्यापासून लांब जाईल असा उतार बाहेर ठेवा. खालची माती हलत असेल तर वर कितीही घोटाई करा, कोबा फुटणारच.

तुमचं माप धरून हिशोब सांगतो. 40 फूट म्हणजे 12.2 मीटर. त्याचे लांबीभर तीन पट्टे करा, प्रत्येकी साधारण 4 मीटर रुंदीचे. सहा इंच जाडी धरली तर एका पट्ट्याला 18 ते 19 घनमीटर काँक्रीट लागतं, म्हणजे आरएमसीच्या (प्लांटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटच्या) तीन गाड्या आणि वर थोडं. दोन्ही कडेचे पट्टे आधी, एकेका दिवशी एक. ते कडक झाले की मधला. एका दिवसात अख्खं 4000 चौरस फूट ओतायचा मोह ठेकेदाराला होतो, कारण गाड्या, पंप, माणसं एकदाच बोलवावी लागतात. पण एक 36 इंची मशीन आणि दोन चांगले मिस्त्री एका दिवसात 1500 चौरस फुटांच्या आसपासच मनासारखं काम देतात, हा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा जास्त ओतलं की मशीन एका टोकाला अडकतं आणि दुसरं टोक हाताबाहेर जातं.

काँक्रीट एम-25 चालेल, फोर्कलिफ्ट फिरणार असेल तर एम-30 घ्या. गाडी आल्यावर ड्रायव्हरला पाण्याचा पाइप उघडू देऊ नका. जड वाटलं तर प्लांटवाल्याला आधीच सांगून प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारं रसायन) वाढवून घ्या. साइटवर ओतलेली प्रत्येक बादली पुढे पृष्ठभागावर येऊन तुमची वाट अडवते. आणि लेव्हल मिळवायची ती कडेच्या लोखंडी चॅनेलवर पट्टी ओढतानाच. दहा फुटी सरळ पट्टी आडवी-उभी ठेवून खड्डे-उंचवटे तिथेच काढा. पॉवर ट्रॉवेल खड्डा भरत नाही, खड्ड्यालाही तेवढंच गुळगुळीत करतं.

पट्टी ओढल्यावर लगेच, पाणी सुटायच्या आत, लांब दांड्याचा फ्लोट एकदा फिरवून घ्या. त्यानंतर हात बांधून बसायचं. इथे लाकडी गुरमाळा आणि लोखंडी थापी यांतला फरक लक्षात ठेवा. लोखंडी थापी पृष्ठभाग बंद करते, लाकडी गुरमाळा उघडा ठेवतो. पाणी अजून खालून यायचं असताना वरचं दार बंद केलं तर ते पाणी कातडीखाली साचतं.

हा वाट बघायचा वेळ म्हणजे या धंद्यातली खरी विद्या. माझ्याबरोबरचा मिस्त्री तीस वर्षांचा जुना आहे, तरी दर कामावर एकदा विचारतोच, "भाऊ, आते लावू का मशीन?" आणि मी वाकून तिरप्या उजेडात बघतो. चकाकी असेल तर म्हणतो, "थांब जराक, पानी शे आजून." सरळ उभं राहून बघितलं तर ही ओल कळत नाही. गुडघ्यावर बसून, दरवाजाच्या उजेडाकडे तोंड करून पृष्ठभागाला डोळा लावायचा. ओल असेल तिथे उजेड सांडल्यासारखा दिसतो, उतरलेली असेल तिथे राखाडी, मंद. बहुतेक वेळा दरवाजाजवळचा भाग आधी मंद होतो आणि भिंतीच्या सावलीतला शेवटी. मग साध्या सपाट तळाचा बूट घालून कडेला उभा राहतो. ठसा 6 मिलिमीटरपेक्षा खोल गेला तर अजून वेळ आहे. 3 ते 6 मिलिमीटरमध्ये आला आणि ठशात पाणी जमलं नाही, तर मशीनला डिस्क, म्हणजे पहिल्या फेरीची गोल तबकडी, लावायची वेळ झाली.

पण खान्देशात ही बुटाची परीक्षा फसवू शकते, आणि याच जागी मी एकदा जबर मार खाल्लाय.

जळगावच्या एका डाळमिलचं गोडाऊन होतं. मे महिना. सकाळी गाड्या यायला उशीर झाला, ओतायला अकरा वाजले. पश्चिमेचं मोठं दार उघडं, बाहेर 44 अंश, आणि त्या दारातून भट्टीसारख्या झळा आत येत होत्या. दीड वाजता वरून बघितलं तर सगळं मंद, कोरडं. बूट ठेवला, ठसा बेताचा. मी मशीन चढवायला सांगितलं, आणि उशीर झालाय म्हणून पातीही जरा उचलून, म्हणजे तिरपी करून लावली. संध्याकाळी कोबा असा चमकत होता की मालकाने घरची माणसं बघायला आणली. पंधरा दिवसांनी मी सळईने ठोकत ठोकत फिरलो, तर दाराजवळच्या भागात आवाज पोकळ. महिन्याभरात गाड्या फिरायला लागल्या आणि भाकरीएवढे पापुद्रे निघायला लागले, चार-पाच मिलिमीटर जाडीचे. पापुद्रा उचलला की खालची बाजू ओल्या पाटीसारखी सपाट, पाणी जिथे अडकलं होतं ती जागा स्पष्ट दिसत होती. पाव कोबा आम्ही माझ्या खर्चाने फोडून पुन्हा केला.

झालं होतं ते असं. वरच्या थरातलं पाणी झळांनी उडालं, पण खालचं काँक्रीट अजून मऊ होतं, पाणी सोडत होतं. दुधावर साय धरते तसं. साय घट्ट दिसते, खाली दूधच. तेव्हापासून मी नुसता ठसा बघत नाही. बुटाची टाच रोवून शरीर थोडं पुढेमागे झुलवतो. आजूबाजूचा पृष्ठभाग जेलीसारखा हलला, लाटेसारखा उचलला गेला, तर ती साय आहे. अशा वेळी उचललेली पाती अजिबात नाही. लाकडी गुरमाळ्याने तो भाग उघडायचा, दाराला ताडपत्री बांधायची, आणि थांबायचं.

साय धरू नये म्हणून त्याआधीच करायच्या गोष्टी जास्त कामाच्या. मे महिन्यात आम्ही आता दुपारी ओतत नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास सुरू करतो. ऊन उतरलेलं असतं, घोटाई रात्री होते, आणि सकाळचं ऊन लागायच्या आत क्युरिंग, म्हणजे कोबा ओला ठेवणं, चालू झालेलं असतं. खडीचा ढीग दुपारी ओल्या गोणपाटाने झाकून ठेवायचा, पीसीसीवर ओतायच्या आधी पाणी शिंपडून ती थंड करायची, पण पाण्याची थारोळी ठेवायची नाहीत. डिसेंबर-जानेवारीत उलटं. तेव्हा संध्याकाळी ओतलं तर रात्रीच्या गारठ्यात काँक्रीट घट्ट व्हायचं नावच घेत नाही, पहाटे तीनला लोक शेकोटीभोवती पेंगत बसतात आणि कोणीतरी कंटाळून मशीन चढवतो. हिवाळ्यात सकाळी आठला ओता. राखेचं सिमेंट असेल तर आणखी उशीर धरा. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र असल्यामुळे आपल्याकडे राख मिसळलेलं काँक्रीट सर्रास मिळतं. ते चांगलंच असतं, फक्त थंडीत सावकाश घट्ट होतं.

तुमचा ठेकेदार ट्रिमिक्स करू म्हणाला तर हो म्हणा. ट्रिमिक्स हे मुळात एका स्वीडिश कंपनीचं नाव, पण आपल्याकडे पद्धतीलाच ते चिकटलं. ओतून, व्हायब्रेटरने बसवून झालं की जाळीच्या गाद्या आणि वर मॅट पसरतात, आणि व्हॅक्युम पंपाने जास्तीचं पाणी ओढून घेतात. सेंटिमीटरला दीड ते दोन मिनिटं धरली तर सहा इंचांसाठी 22 ते 30 मिनिटं लागतात. गादी उचलली की लगेच माणूस वर चालू शकतो आणि डिस्क लावता येते. वाट बघायचा मोठा भाग वाचतो. पण गाद्यांमध्ये फट राहिली किंवा मॅटच्या कडेने हवा शिरली तर त्या पट्टीत पाणी तसंच राहतं, म्हणून तिथली तपासणी वेगळी करायची. आणि दरवाजाच्या कोपऱ्यात, खांबाभोवती मॅट पोचत नाही, तिथे नेहमीसारखंच थांबावं लागतं.

आता मशीन. चालत वापरायचं मशीन बहुतेक ठिकाणी 24 किंवा 36 इंचांचं असतं, मोठ्या कामांना त्याहून मोठं, आणि कारखान्यांच्या मोठाल्या शेडना बसून चालवायचं दोन पंख्यांचं. तुमच्या पट्ट्याला 36 इंची पुरेसं आहे, खांब आणि भिंतीच्या कडेला 24 इंची असलं तर सोनं. खाली चार पाती असतात. पहिल्या फेरीला या पात्यांच्या खाली गोल डिस्क अडकवतात. डिस्क वजन पसरवते, खडी खाली दाबते आणि वर मसाला आणते. पाती दोन प्रकारची: आठ इंच रुंद कॉम्बिनेशन पाती सुरुवातीच्या फेऱ्यांना, सहा इंच रुंद फिनिश पाती शेवटच्या घोटाईला. वरच्या चाकाने किंवा लिव्हरने पातीचा तिरपेपणा वाढवता येतो. पाती जितकी तिरपी, तितका तेवढ्याच वजनाचा दाब कमी जागेवर येतो. म्हणून काँक्रीट जसजसं कडक होईल तसतशी पाती उचलायची आणि वेग वाढवायचा. त्याआधी नाही.

पहिली फेरी डिस्कने, हळू वेगात, पट्ट्याच्या आडव्या दिशेने. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर अर्धी चढवायची. दुसरी फेरीही डिस्कनेच, उभ्या दिशेने, म्हणजे पहिल्या फेरीच्या लाटा मोडतात. मग डिस्क काढून पाती जवळजवळ सपाट ठेवून एक फेरी. मग पुन्हा थांबायचं. पुढच्या प्रत्येक फेरीत पाती थोडी वर आणि दिशा आधीच्या फेरीला काटकोनात. किती फेऱ्या याचं ठरलेलं उत्तर नाही, पण डिस्कच्या दोन आणि पात्यांच्या तीन-चार यांत बहुतेक गोडाऊनचं काम होतं. शेवटच्या फेरीच्या आधी तळहात दाबून बघतो. हाताला ओल लागली नाही, मसाला चिकटला नाही, तरच शेवटची घोटाई. मशीनचा आवाजही सांगतो. सुरुवातीला पात्यांखाली चपचप आवाज येतो. काँक्रीट तयार होत आलं की तो कोरडा, खरखरीत होतो, आणि शेवटी पाती लोखंडासारखी खणखणते. खणखणायला लागली की दोन फेऱ्यांत थांबा. त्यापुढे पाती काँक्रीटला जाळते, काळे पट्टे उठतात, ते जात नाहीत.

मशीन वळवायची युक्ती नव्या माणसाला माहीत नसते आणि तो ते ओढत बसतो. पाती वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरत असतील, तर दांडा किंचित दाबला की मशीन उजवीकडे सरकतं, किंचित उचलला की डावीकडे. कमरेचा जोर लागतच नाही, मनगट पुरे. ओढाताण करणाऱ्या माणसाच्या पायाखाली खळगे पडतात, आणि तो खळगा पुढची प्रत्येक फेरी पक्का करत जाते. कडांना मशीन पोचत नाही, तिथे मिस्त्रीने फळीच्या तुकड्यावर गुडघे टेकून मशीनच्या बरोबरीने हातथापी चालवायची, मागून नाही. कोबा उठतो तो बहुतेक कडेलाच.

फ्लोअर हार्डनर, म्हणजे पृष्ठभाग कडक करणारी पावडर, टाकायचं असेल, आणि तुमच्या वापराला मी टाकाच म्हणेन, तर चौरस मीटरला 4 किलो धरा. तुमच्या 372 चौरस मीटरला साधारण दीड टन, म्हणजे 25 किलोच्या 60 गोण्या. एकदम नाही टाकायचं. पाणी उतरलं, डिस्कची एक फेरी झाली, की त्यातलं दोन तृतीयांश हाताने एकसारखं पसरायचं. ते खालची ओल ओढून गडद झालं की डिस्क. मग उरलेलं आडव्या दिशेने, पुन्हा डिस्क. पावडर पांढरीच राहिली तर समजायचं की उशीर झालाय. तिथे पाण्याचा शिडकावा करून घोटायचा मोह सगळ्यांना होतो, पण त्याने पुन्हा तोच पाणीदार थर तयार होतो. ट्रिमिक्सनंतर उन्हाळ्यात हा प्रसंग हमखास येतो, म्हणून तिथे गादी उचलल्याबरोबर पावडर हाताशी तयार हवी.

एक गोष्ट मी दर वेळी मालकाला समोर बसवून सांगतो. पेट्रोलचं मशीन बंद गोडाऊनमध्ये चालवणं जिवाशी खेळ आहे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणसाचं डोकं जड होतं, मळमळतं, त्याला वाटतं दमलो, आणि तो तिथेच बसतो. वर सांगितलं की झळा अडवायला ताडपत्री बांधा, पण मशीन चालू झाल्यावर सावलीच्या बाजूची दारं आणि वरच्या खिडक्या उघड्याच हव्यात. ऑपरेटर आळीपाळीने बदला. कोणाचंही डोकं दुखलं की त्याला आधी बाहेर काढा, मग काम. थ्री-फेज वीज खात्रीची असेल तर इलेक्ट्रिक मशीन बघा, पण रात्री लाइन गेली तर अर्धवट घोटलेला पट्टा तुमची वाट बघणार नाही, जनरेटर बाहेर तयार ठेवा. दांडा सुटला की इंजिन बंद करणारा स्विच काही लोक तारेने बांधून ठेवतात. असं मशीन साइटवर चढवूच देऊ नका. एका माणसाच्या हातून सुटलेला फिरता दांडा दुसऱ्याचा पाय मोडतो. गमबूट आणि हातमोजे प्रत्येकाला. ओलं सिमेंट कातडी भाजतं, आणि ते रात्री घरी गेल्यावर कळतं.

तुमच्या गोडाऊनमध्ये गुळगुळीत घोटाई योग्य आहे, पण सगळीकडे नाही. रावेर, यावलकडे केळीच्या पॅकहाऊसमध्ये घड धुवायच्या हौदाजवळची जमीन दिवसभर ओली असते. तिथे आरशासारखा कोबा केला तर डोक्यावर केळी घेतलेली माणसं घसरून पडतात. तिथे डिस्क फिरवून झाल्यावर झाडूने आडव्या रेघा मारतो, आणि मालक कितीही म्हणाला तरी चमक देत नाही. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीसाठी पक्का ओटा करायचा म्हणून विचारतात, तिथेही हलकी खरखर आणि पाणी वाहून जाईल असा उतार पुरेसा असतो, शेवटची घोटाई फुकटचा खर्च. तुमच्याही गोडाऊनच्या बाहेरच्या रॅम्पला झाडूचंच फिनिश करा, नाहीतर पहिल्या पावसात हातगाडी मागे येईल.

घोटाई झाली की लोक निघून जातात, आणि कोब्याची निम्मी ताकद इथे जाते. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात साध्या सिमेंटला किमान 7 दिवस क्युरिंग सांगितलंय, कोरड्या आणि गरम हवेत किमान 10, आणि राखेच्या सिमेंटला 14 दिवसांपर्यंत वाढवावं असं म्हटलंय. आपल्याकडे उन्हाळा आणि राखेचं सिमेंट दोन्ही असतं, तर सरळ 14 धरा. कोब्यावर नख उमटत नाही एवढा झाला की ओलं गोणपाट, त्यावर प्लास्टिक, कडा दाबून. काळ्या मातीची आळी करून पाणी साठवू नका, डाग पडतात. केळीची पानं झाकायला तर मुळीच नको, चिकाचा डाग निघत नाही.

आणि कापे. दर 4 ते साडेचार मीटरवर कटरने आडवा कापा, जाडीच्या पावपट खोल, म्हणजे सहा इंचांना किमान 40 मिलिमीटर. उशीर केला तर काँक्रीट स्वतःच कुठेतरी वाकडंतिकडं फाटतं. कडेला एक हातभर कापून बघायचं: खडी उखडत नाही आणि धार स्वच्छ राहते, ती वेळ. मे महिन्यात संध्याकाळी ओतलेला पट्टा पहाटेच कापायला येतो, थंडीत दुसऱ्या दिवशी. कापताना पाणी चालू ठेवा आणि तोंडाला चांगला मास्क, ती धूळ फुप्फुसात बसते.

जुन्या गोडाऊनचं विचारलं नाहीत तरी सांगतो. सळईने ठोकून बघा. आवाज भरीव असेल आणि नुसती भुकटी असेल, तर वरचा कमजोर थर ग्राइंडरने घासून त्यावर सिलिकेटचा डेन्सिफायर मारता येतो. तो काँक्रीटमधल्या चुन्याशी मिळून पृष्ठभाग घट्ट करतो. आवाज पोकळ असेल तर तो भाग कापून काढण्याशिवाय उपाय नाही.

विकत घेऊ नका. एका गोडाऊनसाठी मशीन घेतलं तर पुढची दोन वर्षं ते कोपऱ्यात पडून राहील, पात्यांवर सिमेंट वाळलेलं. भाड्याने घ्या, पण चालवणाऱ्या माणसासकट. मशीन घेऊन येणाऱ्याची परीक्षा सोपी आहे. पाती उलटी करून बघा: सरळ आहेत का, चारही सारख्या झिजल्यात का, जुना मसाला चिकटलाय का. एक पातं वाकडं असेल तर प्रत्येक फेरीत गोल रेघ उठते. मग ऑपरेटरला विचारा, ओतल्यावर किती वेळाने मशीन लावतोस? "दोन तासांनी" असं छातीठोक उत्तर देणाऱ्याला मी कामावर घेत नाही. "बघून सांगतो, ऊन कसं आहे त्यावर" म्हणणारा माणूस ठेवा. त्याच्यावर ठेकेदाराची घाई चालू देऊ नका, आणि पहिला पट्टा ओताल त्या दिवशी तुम्ही स्वतः शेवटच्या फेरीपर्यंत तिथे थांबा.